राजवाड्यापलीकडची अहेरी : मुलचेऱ्याकडून वाचलेला एका मतदारसंघाचा इतिहास

धागा.

२३ नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतमोजणीच्या दिवशी राज्याच्या अगदी पूर्व टोकावरील एका मतदारसंघाची बातमी सर्व वाहिन्यांनी एकाच साच्यात दिली. अहेरीत एकीकडे वडील, दुसरीकडे मुलगी आणि तिसरीकडे पुतण्या. राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाचे धर्मरावबाबा आत्राम, शरद पवार गटाच्या भाग्यश्री आत्राम आणि अपक्ष उभे राहिलेले अम्ब्रिशराव आत्राम. धर्मरावबाबा सोळा हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले, पुतणे दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि मुलगी तिसऱ्या. काका-पुतण्याच्या भांडणाला सरावलेल्या महाराष्ट्राला ही कथा लगेच ओळखीची वाटली आणि त्याच वेगाने ती विसरलीही गेली.

एक साधा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांची मते एकत्र केली, तर ती विजेत्याच्या मतांहून बरीच जास्त भरतात. ही सारी मते राजवाड्याचीच, असे गृहीत धरले की विषय संपतो. पण मत देणारे राजवाड्यात राहत नाहीत. ते कोठे राहतात, कोणती भाषा बोलतात, तेथे कसे आले आणि मतदान केंद्रापर्यंत कसे पोहोचतात, हा या धाग्याचा विषय आहे. त्यासाठी अहेरीचा इतिहास अहेरीतून न पाहता मुलचेऱ्यातून पाहिला पाहिजे.

प्रथम नकाशा. अहेरी हा विधानसभेचा ६९ क्रमांकाचा मतदारसंघ. तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. अहेरी, मुलचेरा, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा असे पाच तालुके त्यात येतात. पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला इंद्रावती. पलीकडे तेलंगणा आणि छत्तीसगड. २००८च्या पुनर्रचनेपूर्वी या मतदारसंघाचे नाव ‘सिरोंचा’ होते. २००९ची निवडणूक ‘अहेरी’ या नावाने झालेली पहिली. नावातील हा बदल कागदोपत्री वाटतो, पण त्यात अर्थ आहे. सिरोंचा हे इंग्रजी अमलातील सत्तेचे ठाणे होते, तर अहेरी हे जमीनदारीचे. निजामाकडून आलेल्या मुलुखाचा इंग्रजांनी १८६० मध्ये ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा केला, त्याचे मुख्यालय सिरोंचा. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याचा एक तालुका होऊन राहिला. म्हणजे एकेकाळी जिल्ह्याचे मुख्यालय असलेले गाव आधी तालुक्यावर आले आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर मतदारसंघाच्या नावातूनही गेले. सिरोंचाच्या जुन्या माणसांना याची खंत वाटत असेल, तर ती समजण्यासारखी आहे.

अहेरीची जमीनदारी चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी, अडीच हजार चौरस मैलांहून अधिक विस्ताराची. आत्राम घराण्याचा राजकीय वारसा येथून येतो. परंतु हा वारसा जितका सरळ सांगितला जातो तितका सरळ नाही. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके आणि आडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी कंपनी सरकारविरुद्ध शस्त्र उचलले. बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली करण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांचा हात होता. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात बाबुरावांना फाशी झाली आणि बंडखोरांच्या जप्त गावांपैकी काही गावे बक्षीस म्हणून अहेरीकडे आली. आडपल्ली-घोटचा हा टापू मुलचेऱ्याच्या शेजारचाच. आज मतदारसंघातील प्रत्येक पक्ष बाबुरावांच्या स्मृतीपुढे नतमस्तक होतो आणि प्रत्येक पक्षाला अहेरीच्या राजघराण्यातील उमेदवारही हवा असतो. या दोन गोष्टी एकाच व्यासपीठावर कशा नांदतात, हे विचारण्याची पद्धत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तरी ती पाडावी.

आता एक तारीख लक्षात ठेवावी : ३१ मार्च १९५१. त्या दिवसापासून तत्कालीन मध्य प्रदेशात मालगुजारी व जमीनदारी रद्द झाली. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. म्हणजे अहेरीच्या मुलुखात सारा गोळा करण्याचा हक्क गेला आणि मते मागण्याची पाळी आली, ती जवळजवळ एकाच हंगामात. जमीनदाराचा कारभारी ज्या वाटांनी गावात जात असे, त्याच वाटांनी आता प्रचारक जाऊ लागले. जुन्या राज्यकर्त्या घराण्यांचे लोकशाहीतील रूपांतर भारतात पुष्कळ ठिकाणी झाले, परंतु इतक्या थोड्या अवधीत आणि इतक्या दाट जंगलात झालेले हे उदाहरण अभ्यासकांकडून फारच दुर्लक्षित राहिले आहे.

त्याहून मौज पुढे आहे. १९५२ची निवडणूक मध्य प्रदेशात झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९५७ची निवडणूक मुंबई राज्याची झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आला आणि १९६२ची निवडणूक महाराष्ट्राची. तीन निवडणुका, तीन राज्ये, दोन राजधान्या, आणि मतदार मात्र आपल्या गावातून हललाही नाही. भामरागडच्या एखाद्या माडिया म्हाताऱ्याला त्या दशकात ‘तुमचे सरकार कोठे आहे?’ असे विचारले असते, तर तो काय उत्तर देणार होता? पुण्या-मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या स्मृती ज्या तीव्रतेने सांगितल्या जातात, ती तीव्रता इकडे नाही. याचे कारण येथील लोकांची उदासीनता हे नव्हे. सीमा ओढल्या जात असताना त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

याच वातावरणात राजे विश्वेश्वरराव आत्राम यांचे राजकारण घडले. राजघराण्यावर टीका करणाऱ्यांनी त्यांच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. १९७७ मध्ये काँग्रेसविरोधी लाटेत ते चंद्रपूरमधून लोकसभेवर गेले. वेगळ्या विदर्भाची मागणी आणि आदिवासींचा प्रश्न या दोहोंची सांगड घालणारी ‘नाग विदर्भ आंदोलन समिती’ हे त्यांच्या घराण्याचे राजकीय साधन. १९९५ मध्ये या समितीच्या नावावर विधानसभेत जी एकमेव जागा आली, ती सिरोंचाचीच होती. निवडून आले होते त्यांचे चिरंजीव सत्यवानराव. राज्यात युतीचे सरकार येत असताना जंगलातील हा मतदारसंघ आपल्या स्वतःच्या छोट्या पक्षाला निवडून देत होता.

विश्वेश्वररावांचे खरे मोठे काम मात्र मतपेटीबाहेरचे. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम ही दोन प्रचंड धरणे ऐंशीच्या दशकात प्रस्तावित होती. त्यांत हजारो हेक्टर जंगल आणि माडिया-गोंडांची असंख्य गावे बुडणार होती. १९८४ मध्ये ‘जंगल बचाव मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यात बाबा आमटे होते, विश्वेश्वरराव होते आणि लाल श्याम शाह होते. ती धरणे झाली नाहीत. अहेरी मतदारसंघाचा मोठा भाग आज पाण्याखाली नाही, याचे श्रेय कोणत्याही निवडणूक निकालाच्या तक्त्यात सापडत नाही.

लाल श्याम शाह हे नाव येथे आले, आणि हा धागा ज्या जागेसाठी लिहिला गेला ती जागाही हीच.

लाल श्याम शाह हे पानाबरसचे जमीनदार, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधील मोहला भागातील. १९६२ मध्ये ते चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी राज्याचे मुख्यमंत्रिपद चांद्याच्याच मारोतराव कन्नमवारांकडे आले होते. काँग्रेसचा असा दबदबा असलेल्या जिल्ह्यात एका गोंड अपक्षाने लोकसभा जिंकावी ही लहान गोष्ट नव्हती. पण दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. त्यामागे पद, पक्ष वा तिकीट यांपैकी काहीही नव्हते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना दंडकारण्याच्या आदिवासी मुलुखात वसविण्यास त्यांचा विरोध होता. येथील जमिनीवर येथील माणसांचा हक्क आधी, आणि त्यांना न विचारता ती वाटता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हा राजीनामा महाराष्ट्राच्या संसदीय इतिहासात ठळक अक्षरांत असायला हवा. प्रत्यक्षात तो पाठ्यपुस्तकात तर नाहीच, पण चांद्याच्या बहुतेक सुशिक्षितांच्या बोलण्यातही येत नाही. आपल्या मतदारांच्या जमिनीसाठी लोकसभेची जागा सोडणारे किती खासदार या देशात झाले, हे मोजण्यासाठी फार बोटे लागणार नाहीत.

आणि तरीही या कथेला दुसरी बाजू आहे. ती मुलचेऱ्यात राहते.

चामोर्शीकडून आष्टी ओलांडून आलापल्लीच्या दिशेने निघाले की सागाचे रान दाट होत जाते. लगाम येते. आणि मग मुलचेरा तालुक्याच्या आतल्या रस्त्यांवर गावांच्या पाट्या बदलू लागतात. सुंदरनगर. विवेकानंदपूर. गांधीनगर. देशबंधुग्राम. खुदिरामपल्ली. गोंडी वा तेलुगू वळणाच्या नावांमध्ये ही नावे एखाद्याने दुसऱ्याच पुस्तकातील पान येथे चिकटवावे तशी दिसतात. खुदिराम बोस आणि देशबंधू चित्तरंजन दास यांची नावे घेऊन येथे आलेली माणसे पूर्व बंगालची. त्यांतील बहुसंख्य नामशूद्र समाजाचे शेतकरी आणि मच्छीमार.

फाळणी बंगालमध्ये एका रात्रीत झाली नाही. पंजाबात १९४७च्या काही महिन्यांत जे घडले ते बंगालात दोन दशके रेंगाळत राहिले. जे सधन होते ते आधी निघाले आणि कोलकात्यात स्थिरावले. जमीन कसणारे, नदीवर जगणारे नामशूद्र मागे राहिले. १९५०च्या आणि पुढे १९६४च्या दंगलींनंतर ते लोटच्या लोट निघाले. पश्चिम बंगालने जागा नाही म्हणून हात वर केले. केंद्राने १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू केला. रायपूरजवळच्या माना छावणीतून कुटुंबांना मध्य भारतातील निरनिराळ्या वसाहतींत पाठविण्यात आले. चांदा जिल्ह्यातील वसाहतीही त्याच काळातल्या. पद्मा-मेघनेच्या काठावरील माणसाला सागाच्या रानात कोरडवाहू जमीन मिळाली. पुष्कळांना हा मुलूख सोसला नाही. दंडकारण्यातील काही हजार कुटुंबे १९७८ मध्ये सुंदरबनातील मरिचझापी बेटावर परत गेली आणि १९७९ मध्ये पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारने त्यांना तेथून बळाने हुसकले. मुलचेऱ्यातील लोक येथेच राहिले. त्यांनी तळी खोदली, मासे पाळले, भाताची शेती केली, भाजीपाला पिकविला आणि दुर्गापूजा मांडली.

येथे दोन अन्याय समोरासमोर उभे आहेत, आणि सोय म्हणून त्यांतील एकच सांगण्याची पद्धत पडली आहे. आदिवासींच्या बाजूने बोलणारा निर्वासिताला अतिक्रमक ठरवितो. निर्वासिताच्या बाजूने बोलणारा, पडीक जमीन होती ती आम्ही कसली, असे म्हणतो. दोन्ही वाक्ये इतिहास म्हणून कच्ची आहेत. जंगलातील गावांच्या दृष्टीने पडीक अशी जमीन नसते. तेथे मोहाची झाडे असतात, चराई असते, सरण असते, देवाची जागा असते. आणि छावणीतून ट्रकमध्ये बसविलेल्या कुटुंबाने हा मुलूख स्वतः निवडलेला नव्हता. ज्यांनी निवडला ते दिल्ली आणि मुंबईच्या कचेऱ्यांत होते. लाल श्याम शाह यांचा राजीनामा त्या कचेऱ्यांविरुद्ध होता, असे वाचले तरच तो नीट समजतो. तो निर्वासितांविरुद्ध होता असे आज कोणी वापरू पाहील, तर तो त्या राजीनाम्याचा गैरवापर ठरेल.

आता हा इतिहास मतदान यंत्रापर्यंत आणू. अहेरी राखीव मतदारसंघ असल्याने मुलचेऱ्यातील बंगाली मतदार येथे मत देऊ शकतो, पण विधानसभेला उभा राहू शकत नाही. पेसा कायदा ज्या गावांना लागू आहे तेथे सरपंचपदही अनुसूचित जमातींसाठी राखीव असते. दुसरीकडे, नामशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे फाळणीने ज्यांचे घर घेतले, त्यांची जातीची सवलत राज्याच्या सीमेने घेतली. अनुसूचित जातीचा दाखला, मिळालेल्या जमिनीवरील वर्ग-दोनचा शेरा हटविणे आणि मुलांना बंगाली भाषा शिकविण्याची सोय या मागण्या येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. प्रत्येक निवडणुकीत आश्वासने मिळतात. निवडणूक संपली की कागद पुन्हा नागपूर, मुंबई, दिल्ली असा प्रवास करू लागतो.

यावरून काही जण थेट असा निष्कर्ष काढतात की राखीव जागाच अन्यायाची. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो स्पष्टपणे नाकारला पाहिजे. जिल्ह्यात हा वाद केवळ बंगाली वसाहतींपुरता नाही. गडचिरोलीत इतर मागास वर्गाचे नोकरभरतीतील आरक्षण एकोणीसवरून सहा टक्क्यांवर आणले गेले होते, त्याचा रोष वर्षानुवर्षे धुमसत होता. २०१४च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये चोवीस हजारांहून अधिक मतदारांनी ‘नोटा’चे बटण दाबले. पण रोष खरा असला म्हणून त्याचे निदान बरोबरच असते असे नाही. ज्या मुलुखात मीठ-मिरचीच्या बदल्यात चारोळी जात होती आणि वनखात्याच्या शिपायाचा शब्द हाच कायदा होता, तेथे राखीव जागा नसती तर विधानसभेत कोण गेले असते? लाकडाचे ठेकेदार, दारूचे परवानेदार, तालुक्याच्या गावचे सावकार. माडिया माणसाचे नाव मतपत्रिकेवर आले असते का, याची शंकाच आहे. राखीव जागा राहिलीच पाहिजे. आणि बंगाली वसाहतींच्या तीनही मागण्यांपैकी एकीसाठीही ती जागा काढण्याची गरज नाही. दाखला संसदेच्या हातात आहे, सातबाऱ्यावरील शेरा महसूल खात्याच्या आणि शाळेतील भाषा शिक्षण खात्याच्या. ज्या कामांना आमदार आदिवासी असण्याची अडचणच नाही, ती कामे न करता दोन समाजांना एकमेकांकडे बोट दाखवू देणे, हे येथील राजकारणाचे सर्वांत जुने आणि सर्वांत यशस्वी तंत्र आहे. हे तंत्र एकाच पक्षाचे असते तर गोष्ट सोपी होती.

भीतीचा अध्यायही सांगितला पाहिजे, कारण त्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. नोव्हेंबर १९८० मध्ये सिरोंचा भागातील मोयाबिनपेठा येथे पेद्दी शंकर हा नक्षलवादी पोलिसांच्या गोळीने मारला गेला, तेव्हापासून गडचिरोलीतील संघर्षाची नोंद सुरू होते. गडचिरोली जिल्हा त्यानंतर, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, अस्तित्वात आला. म्हणजे बंदूक जिल्ह्याच्या आधी आली. ऐंशीच्या दशकात सिरोंचाचे प्रतिनिधित्व काँग्रेसच्या पेंटा रामा तलांडी यांनी केले. १९९० मध्ये धर्मरावबाबा प्रथम आमदार झाले. १९९१ मध्ये नक्षलवाद्यांनी या तरुण आमदाराचे अपहरण केले आणि आपला अटकेतील साथीदार शिवन्ना याच्या सुटकेच्या बदल्यात त्यांना सोडले. जमीनदारी सुटून चाळीस वर्षे झाल्यावर राजघराण्यातील माणूस आपल्याच जंगलात ओलीस होता. राजवाड्याच्या निर्विवाद सत्तेच्या कथा सांगणाऱ्यांनी हा प्रसंग त्यात कोठे बसवायचा ते ठरवावे.

त्यानंतरची प्रत्येक निवडणूक बहिष्काराच्या पत्रकांसह आली. मतदान सकाळी सातला सुरू होऊन दुपारी तीनला संपते, कारण यंत्रे अंधारापूर्वी तळावर पोहोचली पाहिजेत. दुर्गम केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने उतरविले जातात. मतदारांना मात्र हेलिकॉप्टर नसते. ते चालत येतात. आणि येतात! २०२४च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूरने जवळपास ७२ टक्के मतदान करून राज्यात पहिला क्रमांक मिळविला. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबई निम्म्यावर घुटमळत होती. शहरी विश्लेषक या आकड्याला ‘लोकशाहीवरील विश्वास’ म्हणतात. शब्द छान आहे, पण थोडा आळशी आहे. ज्याच्या गावात एस.टी. येत नाही, त्याच्यासाठी मतदानाचा दिवस हा सरकार स्वतःहून गावापर्यंत येण्याच्या मोजक्या दिवसांपैकी एक असतो. आपण अस्तित्वात आहोत अशी नोंद करून घेण्याची ती संधी असते. त्याला विश्वास म्हणावे की हजेरी, हे ज्याने त्याने ठरवावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरणागती पत्करली. पुढील निवडणुकीत ही भीती नसेल, तर मतदार काय मागेल, ते पाहणे खरे कुतूहलाचे ठरेल.

काय मागेल याची चिन्हे दिसतही आहेत. एटापल्लीत सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर आहे. २०१६ मध्ये खाणकाम सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तेथील सत्तरहून अधिक वाहने जाळली. पुढे खाण पुन्हा सुरू झाली, आणि आलापल्ली-आष्टी मार्गावरून खनिजाचे ट्रक धावू लागले. रोजगार हवा असलेला तरुण आणि डोंगरातील देव हवा असलेला गायता हे पुष्कळदा एकाच घरात राहतात, म्हणून या प्रश्नावर येथील उमेदवार फार जपून बोलतात. सिरोंचात प्रश्न पाण्याचा आहे. तेलंगणाचे मेडीगड्डा बंधारे २०१९ मध्ये कार्यान्वित झाले आणि गोदावरीकाठची महाराष्ट्रातील शेती पाण्याखाली जाऊ लागली. लाभ पलीकडे, पूर अलीकडे. १९८४ मध्ये जे थोपविले त्याचाच एक धाकटा भाऊ मागच्या दाराने आला, आणि या वेळी ‘जंगल बचाव’ म्हणत कोणी राजा रस्त्यावर उतरला नाही.

‘अहेरी’ नावाच्या पहिल्याच निवडणुकीकडे पुन्हा वळू. २००९ मध्ये दीपक आत्राम अपक्ष म्हणून निवडून आले. आडनाव आत्रामच, पण ओळख राजवाड्याची नव्हे. ते आदिवासी विद्यार्थी संघटनेच्या कामातून पुढे आलेले. बाहेरच्या पत्रकारांनी आडनावावरून त्यांनाही राजघराण्यात घातल्याचे प्रकार घडले, यातच सर्व आले. आत्राम हे गोंडांतील मोठ्या कुळाचे नाव आहे, संस्थानाचा शिक्का नव्हे. २०१४ मध्ये भाजपच्या तिकिटावर अम्ब्रिशराव सुमारे वीस हजारांनी जिंकले आणि राज्यमंत्री झाले. २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून धर्मरावबाबांनी सुमारे पंधरा हजारांनी जागा परत घेतली. पाच वर्षांनी काका, पाच वर्षांनी पुतण्या, असा हा हेलकावा राजनिष्ठेने समजावून सांगता येत नाही. निष्ठा असती तर ती एका शाखेवर स्थिर राहिली असती. येथील मतदार दोन शाखांना एकमेकींविरुद्ध वापरतो, बसलेल्याला उठवितो, उठलेल्याला पुन्हा बसवितो. त्याच्यापुढे पर्याय थोडे आहेत. जे आहेत ते तो पुरेपूर वापरतो.

मुलचेऱ्याच्या बंगाली वसाहतींचे मत या हेलकाव्यात नेमके कोठे झुकते, हे जाणून घेण्यासाठी निवडणूक आयोगाच्या केंद्रनिहाय तक्त्यांवर बसून काम करावे लागेल. अर्ज क्रमांक २०, गावाचे नाव, उमेदवारनिहाय मते. ते तक्ते उपलब्ध आहेत. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी शिवकालीन पत्रांच्या विसाव्या पुनर्वाचनाऐवजी इकडे एकदा पाहण्यास हरकत नाही.

वेळही थोडाच आहे. मतदारसंघांच्या सध्याच्या सीमा २००१च्या जनगणनेवर आखलेल्या आहेत. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुनर्रचना थांबविलेली होती, आणि नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला आहे. त्या आकड्यांवर पुन्हा नकाशा पसरला जाईल. मुलचेरा अहेरीत राहील की दुसऱ्या मतदारसंघाला जोडला जाईल, राखीव जागेची सीमा कोणत्या नाल्यावरून जाईल, मतदारसंघाचे नाव अहेरीच राहील की आणखी काही होईल, हे तेव्हा ठरेल. १९५६ आणि १९६० मध्ये या गावांना कोणी विचारले नव्हते. परिसीमन आयोगाला या वेळी आपला मसुदा जाहीर करून हरकती मागवाव्या लागतात. त्या हरकती सुंदरनगरच्या बंगाली शेतकऱ्याकडून, भामरागडच्या माडिया ग्रामसभेकडून आणि सिरोंचाच्या तेलुगू बोलणाऱ्या धान उत्पादकाकडून, त्यांच्या त्यांच्या भाषेत लिहिल्या गेल्या, तर आयोगाच्या कचेरीत त्या वाचणारा कोणी असेल का?